गावात एसटी नेमकी केव्हा आली, हे कसे शोधावे?

नमस्कार गुरुजी,

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. उदगीर तालुक्यातील आपल्या गावाचा इतिहास आपण ग्रामपंचायतीसाठी लिहीत आहात आणि एसटीच्या प्रकरणावर येऊन काम अडले आहे. एक वयोवृद्ध गृहस्थ छातीठोकपणे १९४८ सांगतात. दुसरे म्हणतात की ते शाळकरी असताना, म्हणजे १९६१-६२ च्या सुमारास गाडी सुरू झाली. गावातल्या काही म्हाताऱ्या बायकांचे म्हणणे मात्र असे की मोठ्या दुष्काळाच्या आधी गावाला गाडीच नव्हती, फाट्यापर्यंत चालत जावे लागे. आगारात चौकशी केली तर एवढी जुनी नोंद नसल्याचे उत्तर मिळाले. यांपैकी खरे कोणते आणि ते कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे. मी एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी केली, वेळापत्रके बांधली, नव्या मार्गांच्या तपासण्या केल्या आणि निवृत्तीनंतर काही गावांना अशाच लेखनात मदत करत आलो आहे. त्या आधारावर लिहितो.

आपली खरी अडचण एका तारखेची नाही, असे मला वाटते. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असावेत. ते बोलत आहेत तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. एसटी ही संस्था सुरू झाली ती तारीख, आपल्या भागातून सरकारी गाडी पहिल्यांदा धावली ती तारीख आणि प्रत्यक्ष गावात, पारापाशी गाडी येऊन उभी राहिली ती तारीख, या तिन्हींत कित्येक गावांच्या बाबतीत पंचवीस-तीस वर्षांचे अंतर पडते. गावाच्या इतिहासाला तिसरी तारीख हवी असते. लोकांच्या तोंडी मात्र पहिली बसलेली असते, कारण ती दर वर्षी १ जूनला वर्तमानपत्रांत छापून येते. त्यात आपले गाव मराठवाड्यातले असल्यामुळे आणखी एक गुंता आहे. तो आधी सोडवू.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. तेव्हा मोरारजी देसाई मुंबई सरकारात गृहमंत्री होते आणि सेवेचे नाव ‘स्टेट ट्रान्सपोर्ट बॉम्बे’ असे होते. किसन राऊत हे त्या गाडीचे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक, अशी नोंद सर्वत्र आढळते. सुरुवात ३० बेडफर्ड गाड्यांनी झाली. लाकडी सांगाडा, काथ्याची आसने आणि निळा-चंदेरी रंग असे त्यांचे रूप होते. लाल रंग पुष्कळ नंतरचा. बेडफर्डबरोबर शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, अल्बियन, लेलँड अशा कितीतरी बनावटींच्या गाड्या त्या काळात धावत होत्या आणि इतक्या जातींचे सुटे भाग सांभाळणे हे त्या काळच्या कार्यशाळांपुढचे मोठे काम होते. पुढे १९५० मध्ये केंद्राने मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला आणि त्याखाली ‘मुंबई राज्य मार्ग परिवहन महामंडळ’ उभे राहिले.

इथे एक सावधगिरीची सूचना करतो, कारण गावोगावच्या स्मरणिकांत हा आकडा तसाच उतरवला जातो. पहिल्या गाडीचे भाडे ‘नऊ पैसे’ होते, असे छापलेले आपल्याला पुष्कळ ठिकाणी दिसेल. पण आपल्याकडे दशमान पैसे आले ते १ एप्रिल १९५७ पासून. १९४८ मध्ये रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब होता. शिवाय तो दर मैलाचा की संपूर्ण प्रवासाचा, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास नऊ पैशांत होणे शक्यच नव्हते. म्हणून जुने भाडे लिहाल तेव्हा नाणे कोणते आणि अंतर किती, हे दोन्ही लिहा. जमत नसेल तर तो आकडा गाळलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. १ जून १९४८ या दिवशी आपला उदगीर तालुका मुंबई प्रांतात नव्हताच. तो हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होता आणि संस्थान अजून भारतात विलीनही झालेले नव्हते. ते झाले १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मराठवाड्यातले गावकरी रझाकारांच्या धास्तीत दिवस काढत होते. मुंबई सरकारच्या नव्या निळ्या गाड्या त्या वेळी उदगीरच्या खेड्यात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे आपल्या वयोवृद्ध गृहस्थांनी सांगितलेले १९४८ हे साल पुणे–नगरच्या गाडीचे तरी आहे, किंवा त्यांच्या मनात ‘पोलीस ॲक्शननंतर’, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईनंतर, असे जे आहे त्याला त्यांनी ते साल दिले आहे.

मग तोवर आपल्या भागात सरकारी गाडी नव्हती का? होती, आणि मुंबई सरकारच्या किती तरी आधीपासून होती. निजाम राज्य रेल्वेने १५ जून १९३२ रोजी आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. सरकारी मालकीची बससेवा म्हणून ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या सेवांपैकी एक. मूळ कल्पना रेल्वेला पूरक अशी होती, म्हणजे स्थानकापासून आतल्या बाजारगावांपर्यंत माणसे नेणे-आणणे. विकाराबाद–परळी रेल्वेमार्गावरचे स्थानक म्हणून उदगीरचे महत्त्व लक्षात घेतले, तर आपल्या भागातल्या जुन्या लोकांच्या आठवणीत ‘निजामाची मोटार’ का येते, ते समजते. हा विभाग १ नोव्हेंबर १९५१ रोजी रेल्वेकडून हैदराबाद राज्य सरकारकडे आला. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे त्याचे मराठी तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले जाऊन मुंबई राज्यात आले.

तरीही गाड्यांचा कारभार लगेच एक झाला नाही. मराठवाड्याची सेवा ‘राज्य परिवहन, मराठवाडा’ म्हणून आणि विदर्भाची नागपूरच्या ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ म्हणून आणखी काही वर्षे वेगळी चालली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६१ मध्ये, या सेवा आणि पश्चिम महाराष्ट्रातली जुनी महामंडळाची सेवा एकत्र होऊन आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आले. आपल्या दुसऱ्या गृहस्थांनी सांगितलेले १९६१-६२ मला म्हणूनच विचार करण्याजोगे वाटते. त्यांनी शाळकरी वयात जे पाहिले ते बहुधा तालुक्याच्या मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवरचे नवे नाव असावे. गाडी आधीपासून जात असणार. ती महाराष्ट्राची एसटी झाली ती तेव्हा. सरकारी गाडी कोणत्याही राज्याची असो, आपल्याकडे लोक तिला एसटीच म्हणतात, आणि बिदर-औरादकडून येणारी म्हैसूर राज्याची, म्हणजे पुढे कर्नाटकाची, गाडीही त्याच आठवणीत मिसळलेली असू शकते.

इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगतो की ही काळजी सगळीकडेच घ्यावी लागते. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. राजुरा त्याच सुमारास आदिलाबादमधून नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आले. चंदगड बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आले. कोल्हापूर संस्थान स्वतः मुंबई प्रांतात विलीन झाले ते १९४९ मध्ये, म्हणजे पहिल्या एसटीनंतर. गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे यावरून त्याच्या बसचा इतिहास लिहायला घेतला, की तो पहिल्याच पानावर चुकतो.

सरकारी गाडीच्या आधी खाजगी मोटारी होत्या, हेही प्रकरणात यायला हवे. १९२० च्या दशकापासून हौशी आणि धाडसी माणसांनी एकेक-दोनदोन गाड्या घेऊन सेवा सुरू केल्या. वेळ ठरलेली नसे, गाडी भरली की निघे आणि भाडे गिऱ्हाईक पाहून ठरे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर त्याला काही शिस्त आली, मालकांनी मार्गवार संघ केले, थांबे आणि तिकीटदर ठरले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. एखाद्या आजोबांनी ‘मागे शेगडी लावलेली मोटार’ पाहिल्याचे सांगितले तर ती आठवण साधारण युद्धकाळातली, म्हणजे १९४२ ते १९४५ च्या आसपासची समजायला हरकत नाही.

आता त्या म्हाताऱ्या बायकांच्या सांगण्याकडे येतो, कारण आपल्या गावाचे खरे उत्तर त्यांच्याकडे आहे असे माझे मत आहे. गाडी गावात केव्हा आली हे महामंडळाच्या इच्छेपेक्षा रस्त्यावर अवलंबून असते. गाव मोठ्या रस्त्यालगत असेल तर १९५० च्या दशकातच थांबा मिळालेला असू शकतो. ते चार-सहा किलोमीटर आत असेल, मध्ये ओढा असेल आणि जमीन काळी असेल, तर बारमाही रस्ता होईपर्यंत गाडी येणे अशक्य होते. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यभर जी दुष्काळी कामे निघाली आणि त्यानंतर रोजगार हमीवर जी चालू राहिली, त्यांतून खेड्यांना जोडणारे पुष्कळ रस्ते तयार झाले. बायकांनी खडी फोडली, माती टाकली आणि त्याच रस्त्याने काही वर्षांनी गाडी आली. त्यामुळे दुष्काळाचा संदर्भ देऊन सांगितलेली आठवण मी सालाच्या आठवणीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानतो. साल माणूस नंतर ऐकून जुळवतो. आपल्या हाताने केलेला रस्ता आणि त्यावरून आलेली गाडी यांचा क्रम तो विसरत नाही.

रस्ता झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली, असेही नसे. गावाचा ठराव किंवा अर्ज विभागाकडे येई. मग आम्ही बांधकाम खात्याच्या माणसांसह मार्गाची पाहणी करत असू. मोरीचा नळ भार सोसेल का, चढाला वळण किती आखूड आहे, समोरून बैलगाडी आली तर कडेला घेता येईल का, फांद्या आणि तारा टपाला लागतील का, हे सगळे पाहावे लागे. सर्वांत जास्त वाद व्हायचा तो गाडी वळवायच्या जागेवरून. लांब चॅसिसची गाडी गावठाणात वळवायची तर मोकळी आणि टणक जागा लागते. ती नेमकी कुणाच्या तरी खळ्याला किंवा शाळेच्या मैदानाला लागून असे. जागा मिळाली नाही की गाडी गावाबाहेरच्या फाट्यावरून परत फिरे आणि गाव म्हणे की एसटी आली, तर पलीकडची वाडी म्हणे की आली नाही. दोन्ही जबान्या आपल्या वहीत येतील. त्या परस्परविरोधी नाहीत. शिवाय पहिली काही वर्षे ‘पावसाळ्यात बंद’ अशी सेवा असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा सुरू झाल्याचे साल आणि बारमाही झाल्याचे साल वेगळे विचारा.

आपल्या प्रश्नात मुक्कामी गाडीचा, म्हणजे रात्री गावातच थांबणाऱ्या गाडीचा, उल्लेख ओझरता आहे, पण माझ्या लेखी खेड्याच्या एसटी इतिहासाचा गाभा तीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. आमच्याकडे एका गाडीच्या दिवसभराच्या फेऱ्यांची जी साखळी बांधतात तिला नियत म्हणतात. समजा तालुक्याच्या आगारातून एक गाडी संध्याकाळी साडेपाचला निघते. त्या वेळी शाळा-कॉलेज सुटलेले असते, बाजार आटोपलेला असतो आणि कचेरीची कामे संपलेली असतात, त्यामुळे ती भरून निघते. वाटेतल्या वाड्या-वस्त्या घेत सातच्या सुमारास शेवटच्या गावी पोचते. आता ती रात्रीच आगारात परत आणली तर येताना रिकामी येणार आणि पहाटे पुन्हा रिकामी जाणार. डिझेल जळेल, कर्मचाऱ्यांचे तास जातील आणि उत्पन्न काहीच मिळणार नाही. म्हणून ती गावातच ठेवायची. पहाटे सहाला तीच गाडी मुलांना, दूधवाल्यांना, दवाखान्यात जाणाऱ्यांना आणि कोर्टाची तारीख असणाऱ्यांना घेऊन निघते, तालुक्याला पोचते, तिथून जिल्ह्याची एक फेरी करते, दुपारी एखाद्या दुसऱ्या गावाला जाऊन येते आणि संध्याकाळी पुन्हा मुक्कामाला लागते. गावाची सोय आणि महामंडळाचा हिशेब एकाच जागी जुळतो, असे एसटीत फार कमी ठिकाणी घडते.

मुक्काम मिळण्यासाठी गावाला काही द्यावे लागे. चालक-वाहकांना पाठ टेकायला खोली, प्यायला पाणी आणि गाडी उभी करायला सपाट, दिव्याखालची जागा. वाहकाजवळ दिवसभराची रोकड असते, त्यामुळे खोलीला कडी-कुलूप हवे, हा आमचा आग्रह असे. बहुतेक गावी शाळेची किंवा चावडीची खोली, नाहीतर देवळाची ओसरी मिळे, आणि जेवण कुणाकडे ना कुणाकडे ठरलेले असे. त्या गावात कुणी अडलेली बाळंतीण असेल तर तिचा सगळा भरवसा पहाटेच्या गाडीवर. मुलींच्या शाळेचा तर थेट संबंध होता. सातवीनंतर तालुक्याच्या हायस्कुलात मुलगी पाठवायची की नाही, हा निर्णय कित्येक घरांत गाडीची वेळ पाहून झाला आहे. मासिक पास आणि पुढे मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास हे नंतरचे, पण त्यांचा उपयोग व्हायला आधी गावात वेळेवर येणारी गाडी लागते.

म्हणून मी नेहमी सांगतो की एसटी केव्हा आली, एवढे विचारून थांबू नका. मुक्काम केव्हा सुरू झाला, खोली कुणी दिली, पहाटेची वेळ कोणती होती आणि ती कधी बदलली, हेही विचारा. यांची उत्तरे गावाच्या जगण्याबद्दल जास्त सांगतात आणि तारीख ठरवायलाही मदत करतात.

पुराव्यांबद्दल आता क्रमाने लिहितो. जुने तिकीट कुणाच्या पोथीत किंवा पेटीत सापडले तर फार मोलाचे. भाडे आणे-पैत असेल तर ते १९५७ च्या आधीचे किंवा त्या संक्रमणकाळातले. आपल्या भागात तर आणखी एक खूण आहे, ती म्हणजे हाली शिक्का. हैदराबादचे हे नाणे विलीनीकरणानंतरही काही वर्षे भारतीय रुपयाबरोबर चालत होते. एखादी आजी मोटारीचे भाडे हालीत सांगत असेल, तर ती आठवण फार तर १९५० च्या दशकातली आहे आणि ती गाडी निजामाच्या किंवा हैदराबाद राज्याच्या सेवेची अथवा खाजगी मालकाची आहे. वाहकाच्या पेटीतली वेगवेगळ्या किमतींची छापील तिकिटे आणि त्यांना चिमट्याने पाडलेले भोक, हा प्रकार मात्र यंत्राची तिकिटे येईपर्यंत अनेक दशके चालला, म्हणून केवळ भोक पाडलेले तिकीट पाहून काळ ठरवू नका. छापलेले महामंडळाचे नाव आणि नाणे पाहा.

छायाचित्रे हाती लागली तर गाडीच्या क्रमांकाबाबत सावध राहा. सध्याची ‘एमएच’ आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या मध्यापासूनची, त्यामुळे तसा क्रमांक दिसला तर गाडीची नोंदणी त्यानंतरची. पण त्या आकड्यावरून आगार ठरवता येत नाही. एसटीच्या गाड्यांची बांधणी पुण्याजवळच्या दापोडी, औरंगाबादजवळच्या चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत होत आली आणि नोंदणीही तिथलीच होते. म्हणून कोकणातल्या गाडीवरही एमएच १४ किंवा एमएच २० दिसते. आगाराचे नाव गाडीच्या अंगावर रंगवलेले असते, ते शोधा. काचेमागच्या पाटीवर ‘मार्गे’ लिहिलेले असेल तर त्यावरून कोणता रस्ता तेव्हा चालू होता, तेही कळते. बसण्याच्या बाकांची रचना दिसत असेल तर तीही उपयोगी आहे, कारण सुरुवातीच्या तीस आसनांवरून पंचेचाळीस आणि पुढे चोपन्न असा प्रवास झाला. लाकडी आणि नंतरच्या पोलादी सांगाड्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे सांगाडे १९६० पासून येऊ लागले.

कागदपत्रांत आपण सर्वप्रथम जिल्हा गॅझेटिअर पाहावे, पण लातूरचे शोधू नका. लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी, त्यामुळे आपल्याला उस्मानाबादचे गॅझेटिअर हवे. त्यातल्या दळणवळणाच्या प्रकरणात रस्ते आणि एसटी मार्गांची माहिती असते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका हा दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत उपयुक्त, आधार आहे. १९६१, १९७१ आणि १९८१ च्या उस्मानाबाद पुस्तिकांत गाववार यादी आहे आणि दळणवळणाचा रकाना आहे. १९८१ च्या यादीत तर गावात बसथांबा आहे की नाही, आणि नसल्यास तो किती अंतरावर आहे, हे नोंदवलेले असते. दोन जनगणनांमध्ये नोंद बदललेली दिसली की आपली तारीख दहा वर्षांच्या चौकटीत आपोआप येते. १९५१ ची माहिती हवी असेल तर हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्याखाली पाहावे लागेल.

आपण राजपत्राबद्दलही विचारले आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन चौथ्या प्रकरणाला जोड मिळाली आणि एखाद्या भागातली किंवा मार्गावरची प्रवासी वाहतूक महामंडळाकडे घेण्याची योजना राजपत्रात प्रसिद्ध करणे, खाजगी मालकांच्या हरकती ऐकणे आणि मग ती मंजूर करणे, अशी रीत ठरली. या योजनांना मार्गांची यादी जोडलेली असते. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावरची खाजगी गाडी केव्हा थांबली, याचा कायदेशीर पुरावा तिथे मिळू शकतो. पण त्या यादीतले साल आपल्या गावात गाडी आल्याचे साल म्हणून घेऊ नका. यादीत मार्ग असणे आणि त्यावर रोज गाडी धावणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर असे.

आगाराने नोंद नसल्याचे सांगितले, त्यावरून कुणी टाळले असे समजू नये. वेबिले, लॉगशीट आणि फेऱ्यांची पत्रके ठरावीक मुदतीनंतर काढून टाकली जातात. इतका कागद साठवणे कोणत्याच आगाराला शक्य नाही. शिवाय आगार स्वतः गावातल्या सेवेपेक्षा नवे असू शकते आणि तेव्हा ती गाडी दुसऱ्याच आगाराची असू शकते. विभागही जिल्ह्याप्रमाणेच असतील असे नाही. आजही हिंगोलीचा कारभार परभणी विभागातून, वाशिमचा अकोल्यातून, नंदुरबारचा धुळ्यातून आणि गोंदियाचा भंडाऱ्यातून चालतो. विभागाने छापलेली जुनी वेळापत्रक-पुस्तिका एखाद्या निवृत्त वाहतूक नियंत्रकाच्या घरी सापडते, असा माझा अनुभव आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करायचाच असेल तर ‘गावात एसटी केव्हा सुरू झाली’ असे विचारू नका. ‘अमुक मार्गाच्या तपासणीचा अहवाल आणि मंजुरीचे पत्र’ असे नेमके मागा.

आणखी दोन दस्तऐवज मात्र नक्की पाहा. एक, ग्रामपंचायतीच्या ठरावांची वही. गाडी मागणारा, थांब्याला जागा देणारा किंवा मुक्कामाच्या खोलीचा ठराव तिथे असतो. दुसरा आपल्याच हाताशी आहे, तो म्हणजे तालुक्याच्या हायस्कुलाचे दाखल-खारीज रजिस्टर. आपल्या गावच्या मुलांची, आणि विशेषतः मुलींची, नावे कोणत्या वर्षापासून एकदम वाढली, ते मोजा. दरम्यान गावातच हायस्कूल निघाले असेल तर हा आधार लागू पडणार नाही, पण तसे नसेल तर गाडीची वेळ आणि ही वाढ यांचा मेळ बसलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

प्रकरण गाडी सुरू झाली तिथे थांबवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९९० च्या दशकात वडापच्या, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खाजगी, जीपा आणि काळी-पिवळी रस्त्यावर आल्या, मग घरोघर मोटारसायकली झाल्या, आणि भारमान, म्हणजे आसनांच्या मानाने प्रवासी, घटले की पहिली कात्री आडवाटेच्या गावांच्या दुपारच्या फेरीला लागू लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाड्या थांबल्या. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला, आणि या दोन खंडांनंतर काही गावांच्या फेऱ्या पूर्ववत झाल्या नाहीत. पुढे १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले आणि गाडीला पुन्हा गर्दी दिसू लागली. मुक्काम बंद झाला असेल तर तो केव्हा, कोणत्या कारणाने, आणि तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलींनी काय केले, हे आजच लिहून ठेवले नाही तर पन्नास वर्षांनी कुणी तरी आपल्यासारखाच आगाराच्या दारात उभा राहून विचारत बसेल.

लिहिताना एकच साल ठासून देण्याऐवजी तिन्ही टप्पे वेगळे द्या आणि प्रत्येकापुढे आधार लिहा: मोठ्या रस्त्यावरची निजामकालीन किंवा खाजगी मोटार, फाट्यावर थांबणारी महामंडळाची गाडी आणि गावात येणारी गाडी. तिसऱ्याचे नेमके साल मिळाले नाही तर ‘अमुक ते अमुक या वर्षांच्या दरम्यान’ असे लिहिण्यात काहीही उणेपणा नाही. कामाला सुरुवात त्या म्हाताऱ्या बायकांपासूनच करा. त्यांना साल विचारू नका. रस्त्याच्या कामावर कोण कोण होते, गाडी पहिल्यांदा आली तेव्हा नारळ कुणी फोडला, तेव्हा सरपंच कोण होते, आणि त्या गाडीने सासरी गेलेली पहिली मुलगी कोणती, एवढे विचारा. सरपंचांची कारकीर्द ठरावांच्या वहीत मिळेल, मुलीच्या लग्नाचे साल तिच्या थोरल्या अपत्याच्या शाळेतल्या जन्मतारखेवरून काढता येईल, आणि ते १९७१ व १९८१ च्या जनगणना पुस्तिकांतल्या नोंदींशी ताडून पाहिले की आपले साल बहुधा दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती येईल.